साखळी-करवतीची सदोष साखळी : काम देणाऱ्याचे कर्तव्य

धान्याच्या व्यापाऱ्याने करवतीविषयी लिहावे, याचे कित्येक सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु वळवाच्या वाऱ्याने विद्यानगरातील एखादे जुने झाड उन्मळून पडले, म्हणजे गडी बोलावणारे आपणच असतो. आणि त्याच्या हातातील यंत्राकडे न पाहता ‘लवकर आटपा’ म्हणणारेही बहुधा आपणच.

काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणात हेच घडले. फांदी दाराशी आडवी पडलेली, बाहेर मालाची गाडी खोळंबलेली, आणि मी घाई करीत होतो. इतक्यात करवतीची साखळी ढिली होऊन पट्टीवरून उतरली. यंत्र सुरू असतानाच गड्याने ती उघड्या हाताने बसवू पाहिली. दोन बोटांच्या कातडीवर निभावले. परंतु दोष माझ्या घाईचा होता. त्यानंतर जाणत्या कारागिरांकडून जे समजून घेतले, ते येथे देतो.

ही साखळी म्हणजे रिव्हेटांनी जोडलेल्या कड्यांची माळ होय. काही कड्यांवर डावे-उजवे असे आलटून-पालटून कापणारे दात असतात. खालच्या कड्या पट्टीच्या खाचेतून धावतात व दातेरी चक्र त्यांना ओढते. आज सर्वत्र आढळणारा वाकडा दात अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून योजिला व १९४७ साली त्याची साखळी विक्रीस आणली. पूर्ण वेगात साखळी सेकंदास सुमारे २० मीटर धावते. अशा वेगात ती तुटली, तर चालविणाऱ्याच्या उजव्या हाताकडे फटकारते. यास्तव पट्टीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

दोष ओळखणे कठीण नाही. छिलक्यांऐवजी भुकटी पडू लागली, तर दात बोथट झाले असे समजावे. काप एका बाजूस वळू लागला, तर दात विषम झिजले आहेत. कडीस तडा, सैल रिव्हेट किंवा तुटका दात दिसल्यास काम तत्काळ थांबवावे.

प्रथम यंत्र बंद करावे. पेट्रोलचे असल्यास स्पार्क प्लगची तार काढावी. विजेचे असल्यास जोडणी तोडावी. साखळी निवू द्यावी, जाड हातमोजे घालावेत व मगच ती उतरवून कडी-कडी तपासावी. केवळ बोथट असेल तर योग्य जाडीच्या गोल कानशीने सर्व दात सारख्या लांबीचे घासावेत. दातापुढील उंचवटा मात्र अधिक घासू नये. तसे केल्यास करवत उसळण्याचा धोका वाढतो. तडा गेलेली साखळी तारेने बांधून चालवू नये, ती बदलावीच. नवी साखळी त्याच मापाची, तितक्याच कड्यांची घ्यावी व चक्रही झिजले आहे काय ते पाहावे. ती पट्टीस लागून बसावी, तरी हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकावी. गरम असताना ताणलेली साखळी निवताच आकसते. म्हणून काम संपल्यावर ती थोडी सैल करावी.

टाकाऊ साखळी भंगारात देताना तिचे तुकडे करून जाड गोणपाटात गुंडाळावे. तसे न केल्यास ती स्वस्तात विकत घेऊन दुसरा कोणी गरीब गडी पुन्हा वापरील.

खोटे वजन आपण पेढीवर ठेवीत नाही. तद्वत आपल्या अंगणात येणाऱ्या करवतीची साखळी आपणही एकवार पाहावी, आणि गडी ती बदलण्यास थांबला तर त्या वेळेची मजुरी कापू नये.