यांत्रिक नौका, लहान : प्रचालन योजना

घरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यापासून बांधलेल्या, सु. ४ ते ६ मी. लांबीच्या नौकेस गती देणारी यंत्रणा. तीत एंजिन, त्याची शक्ती पाण्यापर्यंत नेणारा दंड, दंतचक्रे, मळसूत्री पंखा व सुकाणू यांचा समावेश होतो. एंजिन एखादे वेळी स्वस्तात मिळते. खर्च वाढतो तो बहुधा उरलेल्या भागांमुळे. अहमदनगर (२०२४ मध्ये नामांतर होऊन अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरेवरील भंडारदरा व मुळेवरील ज्ञानेश्वरसागर या जलाशयांच्या संदर्भात हा विचार येथे केला आहे.

प्रथम वेग ठरवावा लागतो. पाणी बाजूस सारत जाणाऱ्या नौकेचा व्यवहार्य कमाल वेग (ताशी किमी.) हा जलरेषेवरील लांबीच्या (मी.) वर्गमुळाच्या सु. ४·५ पट असतो. ५ मी. लांबीच्या नौकेस तो ताशी सु. १० किमी. येतो व त्यास ४-५ अश्वशक्ती पुरते. त्यापुढे नौका स्वतः उठविलेल्या लाटेवर चढू लागते आणि शक्ती वाढवूनही वेग फारसा वाढत नाही. सपाट तळाची हलकी नौका पाण्यावर उचलली जाऊन घसरू लागली, तरच ही मर्यादा ओलांडता येते. त्यासाठी दर २५ किग्रॅ. भारास साधारण १ अश्वशक्ती, म्हणजे माणसांसह ५०० किग्रॅ. भरणाऱ्या नौकेस सु. २० अश्वशक्ती लागते. समुद्रसपाटीपासून सु. ७५० मी. उंचीवरील भंडारदऱ्यास विरळ हवेमुळे साध्या एंजिनाची शक्ती सात-आठ टक्क्यांनी घटते, हेही हिशेबात धरावे लागते.

भंगारातील मोटारगाडीचे एंजिन बसविण्याचा मोह स्वाभाविक आहे. पण मग उलट गतीची दंतचक्रपेटी, शीतनाची वेगळी व्यवस्था आणि दंड तळातून बाहेर पडतो तेथील जलरोधक सांधा एवढे सर्व करावे लागते. शिवाय गाडीचे एंजिन रस्त्यावर क्वचितच पूर्ण भाराने चालते. नौकेत मात्र ते तासन्तास तसे चालवावे लागते. हा मार्ग सहसा स्वस्त पडत नाही. जलझोत योजनेत पंखा उघडा नसतो, परंतु ती पाणवनस्पती आत ओढून घेते व महागही असते.

ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ मध्ये व्यवहारोपयोगी केलेले, नौकेच्या मागील फळीस अडकविण्याचे बाह्य एंजिन हे या कामी सर्वांत सोयीचे होय. सर्व भाग एकाच संचात असतात व तो वर उचलता येतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर खडक व झाडांची खोडे उघडी पडणाऱ्या जलाशयात हा गुण मोलाचा ठरतो. चांगल्या स्थितीतील जुने एंजिनही चालते. मात्र घेण्यापूर्वी सर्व सिलिंडरांतील दाब सारखा आहे का आणि दंतचक्रांच्या तेलात पाणी शिरले आहे का, हे पाहावे. त्याहून स्वस्त म्हणजे थायलंडमध्ये रूढ असलेली लांब दंडाची रचना. तीत हवेने थंड होणारे शेतीचे लहान एंजिन वापरतात आणि उथळ पाण्यात दंड हातानेच वर घेतात. पण उघडा फिरणारा पंखा पोहणाऱ्यास घातक असतो.

पितळी वा काशाचा पंखा ॲल्युमिनियमशी विद्युत् संपर्कात आल्यास पत्रा गंजतो. म्हणून ॲल्युमिनियमचाच पंखा बरा. गोड्या पाण्यात संरक्षक धातू म्हणून मॅग्नेशियमचा ठोकळा जोडतात.

मुळा धरणातून अहमदनगर शहरास पिण्याचे पाणी जाते. जुन्या पद्धतीच्या दोन धावांच्या एंजिनातून इंधनाचा मोठा भाग न जळताच बाहेर पडतो. म्हणून येथे चार धावांचेच एंजिन घ्यावे, मग ते जड व थोडे महाग का असेना. १ किलोवॉटच्या विद्युत् चलित्राने ताशी ५-६ किमी. वेग मिळतो व पाणी दूषित होत नाही. परंतु १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेची शिसे-अम्ल विद्युत् घटमाला निम्मीच वापरावी लागत असल्याने ते सु. अर्धा तासच चालते.