सुगंधी तेलांनी घराची सफाई : खरे किती, जपायचे किती?

दसरा उलटला की शहरांतल्या घराघरांत दिवाळीच्या साफसफाईचे वेध लागतात. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात, ओट्यामागच्या टाइल्सवर वर्षभर साचलेला फोडणीचा ओशट थर घासून काढला जातो. एके काळी या कामासाठी वाण्याच्या यादीत धुण्याचा सोडा, रिठे आणि फिनेल एवढेच असे. अलीकडे त्यात निलगिरी, संत्रे, लव्हेंडर, टी ट्री, सिट्रोनेला अशा तेलांच्या इवल्याशा बाटल्यांची भर पडली आहे. उग्र वासाच्या रसायनांना कंटाळलेल्या कुटुंबांना हा पर्याय जवळचा वाटतो. 'नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही,' असा त्यामागचा साधा हिशेब असतो.

हा हिशेब निम्माच खरा आहे. ही तेले सफाईला मदत करतात, हे खरे. पण सफाईचे मुख्य काम ती करत नाहीत. आणि थेंबांत वापरायची वस्तू चमच्यांनी वापरली, तर तिचा उपद्रव रसायनांपेक्षा कमी असतोच असे नाही.

तेल, पण तेलकट नव्हे

'इसेन्शियल ऑइल' म्हणजे खोबरेल किंवा शेंगदाण्याच्या तेलासारखे स्निग्ध तेल नव्हे. वनस्पतीची पाने, फुले, साल, लाकूड किंवा गवत यांतील सुगंधी, उडून जाणारी द्रव्ये वाफेच्या साहाय्याने वेगळी केली की हे तेल मिळते. संत्रे-लिंबाच्या सालीतून ते दाबूनही काढतात. कागदावर टाकलेला खोबरेलाचा थेंब कायमचा डाग सोडतो. शुद्ध सुगंधी तेलाचा थेंब बहुधा काही वेळाने उडून जातो. म्हणूनच या तेलांना बाष्पनशील तेले म्हणतात.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. खानदेशात आणि त्याला लागून असलेल्या निमाडच्या रानांत उगवणाऱ्या रोशा गवतापासून पूर्वापार तेल काढले जात असे. गुलाबासारखा वास असलेले हे तेल मुंबई बंदरातून परदेशी जाई आणि तुर्कस्तानात महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठीही वापरले जाई. गवती चहा, सिट्रोनेला, रोशा ही सारी एकाच कुळातील गवते आहेत. अशा पिकांवर संशोधन करणारी 'सीमॅप' ही केंद्रीय संस्था लखनौला आहे.

ही तेले अतिशय संहत असतात. गुलाबाचे एक किलो तेल मिळवायला काही टन फुले लागतात. दहा मिलिलिटरच्या बाटलीत वनस्पतीचा केवढा ऐवज सामावलेला असतो, याची त्यावरून कल्पना यावी.

काम कोणाचे, नाव कोणाचे?

घरात साचणारा मळ मुख्यतः तीन प्रकारचा असतो. पहिला तेलकट चिकटा. तो साबणाने किंवा धुण्याच्या सोड्यासारख्या अल्कलीने निघतो. दुसरा, नळांवर आणि न्हाणीघरातल्या टाइल्सवर दिसणारा पांढरा थर. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांना तो चांगलाच परिचयाचा आहे. हा क्षारांचा थर लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड अशा आम्लाने विरघळतो. तिसरा प्रकार साध्या धुळीचा. तिला ओले फडके आणि हातांचे श्रम पुरतात.

या तिन्ही कामांत सुगंधी तेलांचा वाटा दुय्यम आहे. अपवाद संत्र्याच्या सालीच्या तेलाचा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन या द्रव्याचा असतो आणि ते ग्रीस, डिंक, चिकटपट्टीचा गोंद सहज विरघळवते. नव्या स्टीलच्या डब्यावरचे लेबल निघता निघत नसेल, तर संत्र्याच्या किंवा निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब कापसावर घेऊन चोळावेत. नंतर डबा साबणाने नीट धुवावा. मात्र हाच गुण प्लास्टिकला मारक ठरतो. काही प्रकारचे प्लास्टिक या तेलांनी मऊ पडते, तडकते. त्यामुळे तेल नेहमी गडद रंगाच्या काचेच्या बाटलीतच ठेवायचे असते.

घरगुती कृतींमध्ये हमखास आढळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून त्यात तेलाचे थेंब टाकणे. फेस भरपूर येतो आणि सफाई जोरात चालल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना निष्प्रभ करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळपास साधे खारट पाणी उरते. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. पण वेगवेगळ्या वापरल्या तरच.

जंतू मरतात का?

टी ट्री तेलाची ख्याती जंतुनाशक म्हणून आहे आणि ती निराधार नाही. ऑस्ट्रेलियातील रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात या तेलाच्या जंतुनाशक गुणाचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला होता. आपल्याकडच्या ओव्याच्या तेलातील थायमॉल, म्हणजे ओव्याचे फूल, हेही प्रभावी जंतुनाशक आहे. थायमॉलवर आधारित जंतुनाशकांना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मान्यता आहे.

परंतु अशा उत्पादनांत द्रव्याचे प्रमाण निश्चित केलेले असते आणि पृष्ठभाग ठरावीक मिनिटे ओला राहावा लागतो. बादलीभर पाण्यात टाकलेल्या दहा थेंबांना हे निकष लागू होत नाहीत. त्या पाण्याने फरशी पुसली की घर सुवासिक होते. ते निर्जंतुक झाले असे समजणे चूक आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांच्या निर्जंतुकीकरणासाठी ०.१ टक्का सोडियम हायपोक्लोराइट किंवा ७० ते ९० टक्के अल्कोहोल सुचवले होते. घरात उलट्या-जुलाबाचा रुग्ण असेल किंवा कच्चे मांस कापलेला ओटा पुसायचा असेल, तर सुगंधावर विसंबून चालणार नाही. एरवीच्या रोजच्या सफाईला मात्र साबण आणि पाणी पुरेसे असते.

सिट्रोनेलाच्या बाबतीतही असेच आहे. त्याचा वास डासांना नकोसा असतो. पण तेल लवकर उडून जात असल्याने परिणाम फार वेळ टिकत नाही. डेंग्यू टाळायचा तर कुंड्यांखालच्या ताटल्यांतले पाणी ओतून टाकण्याला पर्याय नाही.

घरच्या घरी, प्रमाणात

तेल पाण्यात विरघळत नाही. पाण्याच्या स्प्रेबाटलीत नुसतेच थेंब टाकले, तर ते वर तरंगतात आणि फवारणीच्या वेळी कधी निव्वळ पाणी, तर कधी जवळजवळ शुद्ध तेल बाहेर येते. म्हणून तेल आधी साबणात कालवून मग पाण्यात घालावे, हा पहिला नियम.

फरशीसाठी : एक-दोन चमचे द्रवरूप साबणात गवती चहाच्या किंवा निलगिरीच्या तेलाचे आठ-दहा थेंब मिसळावेत आणि हे मिश्रण अर्धी बादली पाण्यात घालावे. थेंब वाढवल्याने फरशी अधिक स्वच्छ होत नाही.

ओट्यामागच्या ओशट टाइल्ससाठी : अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून फडक्याने लावावे, दहा मिनिटे थांबून पुसावे. साबणात संत्र्याच्या तेलाचे चार-पाच थेंब मिसळता येतील. हातमोजे घालावेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना किंवा चिमणीच्या ॲल्युमिनियम जाळीला हा सोडा लावू नये, ती काळवंडतात.

कचऱ्याच्या डब्यासाठी : तळाशी दोन चमचे खाण्याचा सोडा पसरून त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत.

काचा आणि आरशांसाठी : एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी पुरते. येथे तेल नकोच; त्याचे ओघळ काचेवर उठून दिसतात.

ओटा कोणत्या दगडाचा?

आम्लाचा वापर करण्यापूर्वी हा प्रश्न विचारायलाच हवा. संगमरवर, कडप्पा, शहाबादी आणि कोटा या साऱ्या दगडांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. लिंबू किंवा व्हिनेगर त्यावर पडले की दगडाचाच पृष्ठभाग विरघळतो, चकाकी जाते आणि पांढरट डाग कायमचे राहतात. जुन्या घरांतल्या शहाबादी फरश्या आणि कडप्प्याचे ओटे साबणाच्या पाण्यानेच पुसावेत. ग्रॅनाइट आणि सिरॅमिक टाइल्स आम्ल तुलनेने अधिक सोसतात.

संत्र्या-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी यांपासून घरोघरी केले जाणारे 'बायो-एन्झाइम'ही आम्लधर्मी असते. एक भाग गूळ, तीन भाग साली आणि दहा भाग पाणी हे त्याचे प्रचलित प्रमाण. मिश्रण सुमारे तीन महिने आंबू दिले जाते. नाव काहीही असले, तरी त्याच्या सफाईच्या गुणाचे मोठे श्रेय आंबवण्यातून तयार होणाऱ्या आम्लाला जाते. त्यामुळे दगडांबाबतचे पथ्य त्यालाही लागू आहे. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत बाटलीत वायू साचतो. घट्ट झाकणाची काचेची बाटली फुटू शकते. प्लास्टिकची बाटली वापरून रोज झाकण सैल करणे हाच सुरक्षित मार्ग.

नैसर्गिक, तरीही विषारी

सर्वांत महत्त्वाची बाब लहान मुलांची. निलगिरी तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेले, तरी लहान मुलाला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. कापूर गिळल्यास थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. देवघरातला कापूर आणि सफाईची तेले मुलांच्या हाती लागणार नाहीत, अशीच ठेवायला हवीत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत असे मिश्रण भरून ठेवणे, हा तर अपघाताला सरळ निमंत्रण देण्याचा प्रकार आहे. तेल गिळल्याचा संशय आला, तर उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. बाटली सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

घरात मांजर असेल, तर टी ट्री तेल टाळलेलेच बरे. अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते आणि मांजर अंग चाटत असल्याने फरशीवरचे तेल त्याच्या पोटात जाते.

त्वचेचा प्रश्न सर्वांचाच आहे. हवा आणि प्रकाश लागून जुनी झालेली लिमोनिनयुक्त तेले आणि टी ट्री तेल अधिक ॲलर्जीकारक बनतात. युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांवर लिमोनिन, सिट्राल, जिरॅनिऑल यांसारख्या सुगंधी द्रव्यांचा नावानिशी उल्लेख बंधनकारक केला आहे, तो याच कारणासाठी. घरात फरशी पुसणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईंचे हात अशा पाण्यात दिवसाकाठी अनेक घरांत बुडत असतात. बाटली आणणारे एक आणि पाण्यात हात घालणारे दुसरे, असे अनेकदा असते. त्यांना हातमोजे देणे आणि त्रास होतो का, हे विचारणे एवढे तरी व्हायलाच हवे.

श्वासाचे गणितही दुर्लक्षिण्याजोगे नाही. या तेलांतील टर्पिन द्रव्यांची हवेतील ओझोनशी प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात, असे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवले होते. दम्याच्या रुग्णांना तीव्र सुगंधाने धाप लागू शकते, मग तो सुगंध लव्हेंडरचा का असेना. सफाईच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ही तेले ज्वालाग्राही असल्याने पेटत्या शेगडीजवळ फवारा मारू नये.

आणि एक नियम तर कोणत्याही सफाईत मोडू नये : ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, बायो-एन्झाइम किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

बाटली घेताना

बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि उत्पादनाची तारीख आहे का, हे पाहावे. 'फ्रॅग्रन्स ऑइल' असे लिहिलेले असेल, तर तो बहुधा कृत्रिम सुगंध असतो. गुलाब, चंदन आणि निलगिरी यांची तेले एकाच किमतीला मिळत असतील, तर शंका घ्यावी. एवीतेवी सफाईसाठी महाग तेलांची गरज नाही. निलगिरी, गवती चहा किंवा संत्रे यांपैकी एखादी छोटी बाटली वर्षभर पुरते.

फडके, साबण, पाणी आणि हातांचे श्रम यांनीच घर स्वच्छ होते, हे आजही खरे आहे. त्यात तेलाचे चार थेंब पडले, तर कामाचा शीण थोडा हलका होतो आणि घर प्रसन्न वाटते. त्यांच्याकडून अपेक्षा तेवढीच ठेवावी आणि बाटली मुलांच्या हाताला न लागेल, अशा वरच्या फळीवर ठेवून द्यावी.