देवाची तसबीर आणि तबकडीचे वेष्टन

१९६७ च्या डिसेंबरात लंडनमध्ये 'ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह' ही रॉक संगीताची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि त्याचे दोन इंग्रज साथीदार, नोएल रेडिंग व मिच मिचेल, यांची ही दुसरी मुद्रिका. ध्वनिमुद्रण ऑलिंपिक स्टुडिओत पार पडले; परंतु पहिल्या बाजूची सिद्ध झालेली फीत हेंड्रिक्स टॅक्सीत विसरला आणि त्या बाजूचे ध्वनिमिश्रण एका रात्रीत नव्याने करावे लागले.

संगीतासाठी एवढा जीव टाकला गेला. वेष्टनाची कथा मात्र निराळी झाली. बाजारात मिळणारी विराट विश्वरूपाची तसबीर घेऊन तीत देवाच्या मुखांच्या जागी या तिघांचे चेहरे बसविण्यात आले. खुद्द हेंड्रिक्सलाही ते रुचले नाही. त्याच्या घराण्याचा वारसा अमेरिकेतील मूळ 'इंडियन' लोकांचा. आपल्या हिंदुस्थानाचा नव्हे.

अशा तसबिरींचे मूळ शोधू गेल्यास वाट आमच्या बडोद्यावरून जाते. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव महाराजांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रे रंगविली. त्यापूर्वीच, बडोद्याचे दिवाणपद भूषविलेले सर टी. माधवराव यांनी, त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असे त्यांना सुचविले होते. हे माधवराव कुंभकोणमच्या मराठी कुटुंबातले, म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे! १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. वेष्टनावरचे चित्र त्यांचे नव्हे. पण गरिबाच्या भिंतीवरही देव आणणाऱ्यांत हा छापखाना अग्रणी होता.

१९९७ साली 'एरोस्मिथ' या अमेरिकन वाद्यवृंदाच्या वेष्टनावर कालियामर्दनाच्या चित्रात मांजराचे मुख आले. निषेध होताच कंपनीने क्षमा मागून चित्र बदलले. हेंड्रिक्सच्या वेष्टनावर तर मलेशिया सरकारने २०१४ साली बंदी घातली. तोवर त्याच्या मृत्यूला ४४ वर्षे होत आली होती!

उदबत्तीच्या पुड्यावर आणि दिनदर्शिकेवर आपणही देव छापतोच. मग दुखते कोठे? जुनी दिनदर्शिका उतरवताना घरातील वडीलधारी माणसे देवाचे चित्र कापून जपून ठेवतात. ते केराच्या टोपलीत जात नाही. छापण्यात विटंबना नाही; पूज्य मुखाच्या जागी स्वतःचे मुख बसविण्यात ती आहे. तथापि बंदीपेक्षा समजावून सांगणे आम्हांस अधिक हितकर वाटते. मुलांनी ते संगीत अवश्य ऐकावे. ते चित्र कोणाच्या घरातून गेले, एवढे त्यांना ठाऊक असावे.