रक्तातील संयुक्त सह्या

भाजी चिरताना बोट कापते आणि काही मिनिटांत रक्त थांबते. ही किमया रक्तबिंबिकांची, अर्थात प्लेटलेट्सची. इटलीतील संशोधक जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचे हे कार्य उलगडले. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात.

रक्तवाहिनीला इजा होताच तिच्या भिंतीतील कोलॅजेन उघडे पडते. बिंबिका त्याला चिकटतात आणि एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही रसायने सोडतात. एकच क्षीण संदेश आला, तर इतर बिंबिका फारशा हलत नाहीत. असे दोन संदेश एकत्र आले, की त्या झपाट्याने परस्परांना बिलगतात. संयुक्त सहीच्या खात्यातून एका सहीने पैसे निघू नयेत, तशीच ही दक्षता.

हीच गुठळी हृदयाच्या धमनीत झाली, तर मात्र प्राणांवर बेतते. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती रोखते, तर क्लोपिडोग्रेल एडीपीचा संदेश अडवते. म्हणूनच स्टेंट बसवल्यानंतर काही काळ दोन्ही औषधे बहुधा एकत्र दिली जातात. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे खरे. तथापि डॉक्टरांना न विचारता त्यांतील एकही गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते.