जुनी मोटार आणि बेताचा खिसा

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाचा निम्मा पैसा अंदाजापायीं जातो. सकाळीं गाडी सुरू झाली नाहीं, कीं 'बॅटरी गेली' म्हणून आपण वाणसामानाचे पैसे नव्या बॅटरीवर घालतों; आठ दिवसांनीं गाडी पुन्हां मुकी! दोष बहुधा बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा असतो. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

हा भेद साधा मल्टिमीटर सांगतो. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू होतांच आंकडा १४ च्या आसपास चढावा. न चढल्यास अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा. त्याआधीं बॅटरीच्या टोकांवरील गंज पुसून पाहावा. पुष्कळदां खर्च तेथेंच मिटतो.

खर्चाचाही क्रम असावा. पहिला मान ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांचा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, कीं तेथें काटकसर करूं नये. दुसरा मान पाणी व तेल यांचा. घाटांत उष्णतेचा कांटा चढला तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र उघडूं नये, कारण आंत दाबाखालीं असलेलें पाणी वाफ होऊन अंगावर उसळतें. रंग व गाद्या शेवटीं.

प्रत्येक दुरुस्ती वहींत टिपून ठेवा. वर्षाचा खर्च गाडीच्या बाजारभावाशीं ताडून पाहा. तो भाव ओलांडला, कीं माया आंवरून तिला निरोप द्यावा.