ड्रॉवर तिरका का होतो?

‘डाळींचा ड्रॉवर सारखा पुढे झुकतो. सुतार आधीपेक्षा जाड स्क्रू पिळून जातो, काही महिन्यांनी पुन्हा तेच. नवं चॅनेल घ्यावं का?’ एका वाचकताईंचा हा प्रश्न.

आधी थोडं गणित करू. ड्रॉवर ४५ सेंटीमीटर खोल, आत १० किलोंचे डबे, म्हणजे प्रत्येक चॅनेलवर ५ किलो. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला की वजनाचा मध्य कपाटाच्या कडेपुढे साडेबावीस सेंटीमीटर लोंबतो आणि चॅनेलची तरफ होते. पुढचा स्क्रू कडेपासून ३७ मिलिमीटर आत, मागचा त्याच्याही मागे ३२ सेंटीमीटरवर असं धरू. मग मागच्या स्क्रूवर सुमारे ४ किलोंचा जोर खालून वर लागतो आणि पुढच्यावर तब्बल ९ किलो येऊन बसतात! त्यात पोरांनी ड्रॉवरवर भार टाकून ओट्यावर डोकावायचं ठरवलं, तर विचारूच नका.

चॅनेलच्या खोक्यावर ‘क्षमता ४५ किलो’ असं दिमाखात छापलेलं असतं. ती पोलादाची आणि आतल्या छर्‍यांची क्षमता. स्क्रू ज्या फळीत बसणार तिच्याबद्दल खोकं गप्प असतं, आणि मॉड्युलर किचनमध्ये ती फळी बर्‍याचदा पार्टिकल बोर्डाची असते. पार्टिकल बोर्ड म्हणजे बुंदीचा लाडू. पाकाच्या जागी रेझिन. लाकडाचे सलग धागे त्यात नसतात. स्क्रू खालचे कण चिरडत जातो, गोल भोक लांबट होतं आणि सुटलेले कण पुन्हा चिकटत नाहीत. जाड स्क्रू मग त्या भुशातच फिरत राहतो.

म्हणून पार्टिकल बोर्डाला नावं ठेवायची मात्र माझी तयारी नाही. वाया जाणारं लाकूड वापरात यावं म्हणून मॅक्स हिमेलहेबर या जर्मन अभियंत्याने १९३०च्या दशकात ते विकसित केलं. पुढे १९७१ मध्ये याच माणसाने तांत्रिक प्रगतीकडे संशयाने पाहणारं त्रैमासिक सुरू केलं! फर्निचरच्या दुकानात त्याचं नाव कुणी घेत नाही.

तर उपाय. भोकातला भुसा काढा, १० मिलिमीटरच्या बिटने ते मोठं करा. फळी १८ मिलिमीटरची असेल तर १५ च्या पुढे जाऊ नका. लाकडी गुल्ली फेविकॉल लावून ठोका, दिवसभर सुकू द्या आणि तिच्यात बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू बसवा. ४ मिलिमीटरच्या स्क्रूऐवजी आता १० मिलिमीटरची गुल्ली भार पेलते, त्यामुळे त्याच खोलीला कणांवरचा दाब अडीचपट कमी होतो. शिवाय फेविकॉल आजूबाजूचे कण बांधून ठेवतो. फळी पाण्याने फुगली असेल, तर मात्र हा खटाटोप वाया जाईल, ती बदलाच.

आणि हो ताई, चॅनेल सहज सरकत असेल तर ते राहू द्या.