परिचारिकेच्या सक्षमतेची परीक्षा

महाराष्ट्रातील एखाद्या परिचारिकेला ब्रिटनमध्ये नोकरी करायची असेल, तर केवळ पदवी आणि अनुभवाच्या बळावर तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही. त्यासाठी तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल या नियामक संस्थेच्या नोंदवहीत तिचे नाव दाखल व्हावे लागते. ही संस्था इंग्रजीवरील प्रभुत्वाचा पुरावा मागते, राज्य परिचर्या परिषदेकडून मूळ नोंदणीची पडताळणी करून घेते आणि सक्षमता चाचणीही घेते. देशोदेशीचे अभ्यासक्रम भिन्न असले तरी रुग्णाची सुरक्षितता सर्वत्र सारखीच महत्त्वाची असल्यामुळे, परदेशात शिकलेल्या परिचारिकांसाठी ही चाचणी २०१४ पासून लागू आहे.

चाचणीचे दोन भाग आहेत. पहिला भाग संगणकावर होतो; त्यात औषधांची मात्रा आणि सलाइनचा वेग यांसारखी गणिते तसेच शुश्रूषाशास्त्राचे प्रश्न असतात, आणि तो अनेक देशांतील केंद्रांवर देता येतो. दुसरा भाग म्हणजे 'ऑस्की' या नावाने ओळखली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा, जी ब्रिटनमध्येच द्यावी लागते. या परीक्षापद्धतीची मांडणी डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी केली. नेहमीच्या प्रात्यक्षिकात कोणता रुग्ण आणि कोणता परीक्षक वाट्याला येतो यावर निकाल अवलंबून राहत असे, म्हणून प्रत्येक उमेदवाराला ठरावीक वेळात तेच काम देऊन आधीच निश्चित केलेल्या निकषांवर गुण देण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला.

परिचारिकांच्या ऑस्कीत दहा स्थानके, म्हणजे दहा स्वतंत्र कामे असतात. त्यांपैकी चार स्थानकांवर रुग्णाची पाहणी, शुश्रूषेचे नियोजन, प्रत्यक्ष शुश्रूषा आणि मूल्यमापन हा क्रम तपासला जातो, तर इतर स्थानकांवर हस्तकौशल्ये, व्यावसायिक मूल्ये आणि संशोधनाचा व्यवहारात उपयोग करण्याची क्षमता पाहिली जाते. नाडी, श्वसनगती, रक्तदाब, तापमान, रक्तातील ऑक्सिजन आणि शुद्धीची पातळी या नोंदींना गुण देऊन रुग्णाची बिघडणारी प्रकृती वेळीच ओळखण्याची तेथील पद्धतही उमेदवाराला आत्मसात करावी लागते.

अनेक वर्षे वॉर्ड सांभाळलेली परिचारिकाही येथे अडखळू शकते, आणि तिच्या अपयशाचे कारण दर वेळी अज्ञान असतेच असे नाही. औषध देण्यापूर्वी रुग्णाचे नाव व जन्मतारीख मनगटावरील पट्टीशी ताडणे, अ‍ॅलर्जी विचारणे, संमती घेणे आणि काय करत आहोत ते रुग्णाला समजावणे यांपैकी पुष्कळ गोष्टी सवयीने, न बोलता किंवा गर्दीच्या वॉर्डात घाईने उरकल्या जातात. परीक्षक मात्र जे दिसले किंवा ऐकू आले त्यालाच गुण देऊ शकतो. शिवाय शुश्रूषेची योजना परिचारिकेने स्वतः आखून तिची कारणे लिहून मांडावी, अशी तेथे अपेक्षा असते.

म्हणूनच या चाचणीची तयारी उत्तरे पाठ करून होत नाही. ती सराव आणि मार्गदर्शनाने होते, आणि परिचारिकांना बोलावून घेणाऱ्या रुग्णालयांनी त्यासाठी पुरेसा वेळ देणे ही त्यांचीही जबाबदारी ठरते. व्यवस्थेतील फरकाला अक्षमता समजणे अन्यायाचे आहे, तसेच रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आखलेली पडताळणी अपमान मानणेही योग्य नाही. पद्धतशीर पाहणी, संमती आणि स्पष्ट नोंदी यांचा आग्रह आपल्या परिचर्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासून धरला गेला, तर परदेशी जाणाऱ्या परिचारिकेची वाट सुकर होईल आणि येथील रुग्णालाही तितकाच लाभ मिळेल.